मागच्या दारावरची थाप

ही गोष्ट रात्रीची नाही, भर दुपारची आहे. म्हणून ऐकणाऱ्यांना ती खरी वाटत नाही. पण हरेश माझा मावसभाऊ, आणि हे त्याने स्वतः मला सांगितलंय.

गेल्या वैशाखातली घटना. धसईच्या पुढची त्याची वाडी.

हरेशने जुनी गाडी घेतली होती. गाणं लावलं की दारं खडखडायची. मग गाड्यांना स्पीकर बसवणाऱ्या शहापूरच्या पंकजने दारं खोलली, पत्र्याला आतून खडखड दाबणारी काळी, चिकट डॅम्पिंग शीट मारली, स्पीकरच्या मागे फोमची वाटी बसवली. आता ढोल थेट छातीत घुमायचा. आणि काचा वर केल्या की बाहेरचं जग मुकं व्हायचं.

"बाहेर कुणी बोंबललं तरी कळायचं नाय तुला," पंकज हसत म्हणाला होता.

त्याच आठवड्यात, रविवारी दुपारी हरेश मित्राच्या हळदीला शहापूरला निघाला.

शेजारच्या ओटीवर देवजीकाका बसलेले. बाप लहानपणीच गेलेल्या हरेशला या चुलत्यानेच वाढवलं होतं.

गाडी अंगणातून वळली, रस्त्याला लागली. गाणं जोरात चालू होतं. आणि...

धप.

मागच्या दारावर कुणीतरी थाप मारली.

हरेशने आरशात पाहिलं. धुरळ्यात एक हात वर झालेला. पांढरी बाही.

देवजीकाका.

काकांचं नेहमीचंच होतं. ऐन वेळी गाडीत बसायचं, मग सरळगावला तंबाखूला थांबायचं, दिसेल त्याची ख्यालीखुशाली विचारायची. हरेशला आधीच उशीर झाला होता.

त्याने आवाज वाढवला आणि गाडी दामटली.

किन्हवली आली नाही तोच फोन वाजला.

छातीत कळ येऊन काका गेले होते. दवाखान्यात न्यायला वाडीत दुसरी गाडी नव्हती.

"मी लई हाका मारल्या रे," माघारी आलेल्या हरेशलाच प्रेमाकाकी रडत रडत समजावत होती. "तुला ऐकू नाय गेल्या. तुझा काय दोष?"

हरेश मान खाली घालून बसला. आरशातल्या हाताबद्दल चकार शब्द बोलला नाही.

दिवसकार्य उरकलं. तो पुन्हा गाडीत बसला. गाणं बंद होतं.

धप...

तो उतरला. रस्ता मोकळा. पण मागच्या दारावरच्या धुळीत पाच बोटं उमटली होती.

मग हे रोजचंच झालं. शेवटी गाडी पंकजकडे नेली. पंकजने स्पीकर काढले, वायरी सोडवल्या. "काय लूज नाय रे." खात्री करायला दोघे आत बसले, दारं लावली.

धप.

पंकजचा चेहरा उतरला. "हे आतून नाय वाजत, हरेश. बाहेरून कोणतरी मारतंय."

बाहेर कडक ऊन होतं. जवळपास कुणी नव्हतं.

हरेशने सगळ्या शीट ओरबाडून काढायला लावल्या. दारं पुन्हा खडखडायला लागली. थाप थांबली नाही.

मग त्याच्याने राहवेना. तो काकीपुढे जाऊन बसला. ती ओटीवर चिंचा फोडत होती.

"काकी, मला कळलं होतं. काका गाडीमागं धावत आले, दारावर थाप मारली. मी बघितलं... आन् थांबलो नाय."

काकीचा हात थांबला.

"कोण धावत आलं?"

"काका."

"तुझी गाडी अंगणात वळत होती, तवाच ते कोसळले. हितंच. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी बसल्या जागेवरून वरडत होते." तिचा आवाज बारीक झाला. "ते उठलेच नाय रे."



मग काकीने त्याच्याकडे पाहिलं.

"म्हंजे ते सोता आलते तुला बोलवायला... आन् तू बघितलंस?"

काकी सूप उचलून आत गेली. अजून ती त्याच्याशी बोलत नाही.

त्या दिवसापासून थाप बंद झाली.

हरेश आता काचा खाली ठेवूनच गाडी चालवतो. वाटेत कुणी हात केला की थांबतो. कधी कधी त्या रस्त्याला गाडी बंद करून नुसता बसून राहतो.

परवा मला म्हणाला, "थाप यायची तेव्हा जीव घाबरायचा. पण काका बोलवत तरी होते. आता त्यांनी बोलवणं सोडलं रे..."