चौथी सायकल कुणाची?

चारही सायकली एका ओळीत टेकवून ठेवू नका, असं आई सांगत होती. पण बाबांना दुकानात शिरायची घाई होती, आणि घाईत बाबा आईचं ऐकत नाहीत. एरवी ऐकतात अशातला भाग नाही. वाऱ्याची एक झुळूक आली... आईची सायकल माझ्या सायकलीवर कलंडली, माझी बाबांच्या सायकलीवर, आणि शेवटची निळी सायकल दुकानातून बाहेर येणाऱ्या एका माणसाच्या अंगावर गेली.

त्यानं ती एका हातानं झेलली. दुसऱ्या हातात कॉफीचा कप होता, तो हिंदकळला आणि अर्धी कॉफी त्याच्या शर्टावर गेली.

"लागलं का?" मी धावत गेले.

"सायकलला? नाही." तो शर्टाकडे बघत म्हणाला, "मला विचारत असाल, तर... बघून सांगतो."

हा त्या दुकानातला, सायकली वाहून न्यायचे रॅक गाड्यांना बसवणारा. आईनं त्याचं नाव विचारायच्या आधीच त्याला 'रॅकवाला' करून टाकलं, आणि घरात तेच चिकटलं.

"रॅक घ्यायला लोक गाडी आणतात," तो म्हणाला, "अख्ख्या सायकली आणणारं कुटुंब पहिल्यांदाच बघतोय."

"मी टेलर आहे," बाबा ताठ होत म्हणाले. "माप घेतल्याशिवाय कात्री लावत नाही."

रविवारी सकाळी तळ्यापर्यंत सायकली हाणायच्या, हा आमच्या घरचा मी शाळेत असल्यापासूनचा नेम. पण तळ्याच्या रस्त्यावर आता ट्रक धावू लागले होते, आणि आईनं जाहीर केलं होतं की सायकली गाडीवर टाकून नेणार असाल तर येते, नाहीतर घरी बसते. म्हणून सायकली टेम्पोत घालून आणलेली ही वरात.

रॅकवाला सायकली उचलून उचलून बघत होता. निळीपाशी तो उकिडवा बसला आणि टायरवरून त्यानं अंगठा फिरवला.

"हिच्या टायरवरचे रबराचे केससुद्धा झडले नाहीत अजून. चालवलीच नाही कुणी. कुणाची आहे ही?"

आई आभाळाकडे बघू लागली. बाबांनी घसा खाकरला. मी मात्र कुठे बघावं तेच मला कळेना.

ती सायकल बाबांनी माझं लग्न ठरलं तेव्हा घेतली होती. येणारा माणूस रविवारी मागे राहायला नको, म्हणून. त्याच्या पायांचं माप नजरेनंच घेऊन बाबांनी सीटही बसवून ठेवली होती. तो माणूस आलाच नाही. 'माझं मन तयार होत नाहीये,' एवढं बोलून त्यानं लग्न मोडलं, आणि सायकल आमच्या बाल्कनीत राहिली. बाबा दर रविवारी ती पुसतात. शेजारच्या मावशी दर रविवारी विचारतात, "चौथी कुणाची गं?" आणि मी दर रविवारी बूट बांधायला खाली वाकते. ती नजरेसमोरून घालवा, असं बाबांना सांगावं तर त्यांचं तोंड उतरेल. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त लागलं होतं.

आत रॅक बघणं सुरू झालं. बाबांना टपावरचा आवडला.

"छान आहे," रॅकवाला म्हणाला. "पण टपावर सायकली चढवणार कोण?"

"मी!"

"हो का? परवा शर्ट घालताना 'आई गं' कोण म्हणालं?" आईनं विचारलं.

टपावरचा रद्द झाला. मग डिकीला पट्ट्यांनी बांधायचा आला. हलका, घडी होणारा, आईलाही लावता येईल असा.

"तुम्ही सांगताय त्या गाडीला हा उत्तम. ह्याच्यावर तीन राहतात. चारचा हवा असेल तर गाडीच्या खाली हूक बसवावा लागेल, आणि रॅकही जड." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "घरात माणसं किती?"

"तीन," मी म्हणाले.

"चार," बाबा म्हणाले.

रॅकवाल्यानं काचेतून बाहेरच्या निळीकडे पाहिलं. त्याला कळलं... आणि त्याला कळलं हे मला कळलं. बाबांनी चारचाच सांगितला. निघताना तो दारापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "चौथी जागा रिकामी ठेवूनही रॅक चालतो बरं का. तुटत नाही."

त्या वाक्यापायी मी दोन रात्री झोपले नाही. रागानं की कशानं, तेही ठरवता येईना.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. लोकांच्या डोळ्यांत वाकून बघणं हा माझा रोजचा धंदा. कुणाच्या बघण्यानं लाजायची सवय केव्हाच मोडली, असं मला वाटायचं. मग एका संध्याकाळी बाहेर पाऊस भुरभुरत असताना रॅकवाला येऊन माझ्यासमोरच्या खुर्चीत बसला.

"धूसर दिसतं," तो म्हणाला.

मी दिवा मंद केला. त्यानं पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, आणि सगळ्यांत खालची, जी मलाही कधी कधी अडखळवते, तीही धडाधड वाचून टाकली.

"डोळे ठणठणीत आहेत तुमचे."

"मग मी कशाला आलो असेन?"

"ते मी कसं सांगणार? मी फक्त डोळे तपासते."

"तपासा ना मग... जवळून."

मी जवळून पाहिलं. पाहायला नको होतं. भिंग मी उलटं धरलं होतं आणि ते त्याला दिसलं. दृष्टी ठणठणीतच होती मेल्याची.

"हूक आलाय," तो म्हणाला. "शनिवारी बसवतो. आणि रविवारी... मी आलो तर चालेल? तुमच्याबरोबर, तळ्यावर?"

हो म्हणावंसं इतकं वाटलं, की मला भीतीच वाटली.

"बाबा तुम्हाला त्या निळ्या सायकलवर बसवतील," मी म्हणाले. "सीट खाली-वर करतील आणि खूश होतील. रिकामी जागा भरली म्हणून. आणि मग मला कधीच कळणार नाही, की तुम्ही माझ्यासाठी आलात की... त्या जागेवर आलात."

काचेवर पावसाचे थेंब घरंगळत होते.

"आणि तुम्हाला काय हवंय?" त्यानं विचारलं.

हा प्रश्न मला इतक्या दिवसांत कुणीच विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. "तळ्यावर या," एवढंच मी म्हणाले.

रविवारी सकाळी अंगणात गाडी तयार होती. मागे नवा रॅक होता आणि त्यावर चारही सायकली हारीनं लागल्या होत्या. रॅकवाला येणार म्हटल्यावर बाबा हातात पाना घेऊन निळीची सीट खाली करत होते. "दोन बोटं बुटका आहे," ते आनंदानं म्हणाले, "पण पाय सरळ आहेत."

तेवढ्यात फाटकातून तो आला, स्वतःच्या सायकलवर. तिचा रंग उडालेला होता, एक पेडल वेगळ्याच जातीचं होतं आणि घंटी मुकी होती. टायर मात्र रस्ता खाऊन खाऊन गुळगुळीत झाले होते.

"अरे, ही कशाला?" बाबा म्हणाले. "तुझी इथे तयार आहे! आणि रॅकवर जागा चारच."

"हो काका. चारच." तो सायकल धरून उभा राहिला. "बसवणारा मीच आहे ना. ती निळी चांगली सायकल आहे, पण ती माझी नाही. जागा नसेल तर मी मागून चालवत येतो. ट्रकवाल्यांशी आपलं बरं आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नाही, हे मला समजलं. बोलायचं मलाच होतं.

"बाबा," मी म्हणाले, "ती निळी उतरवा."

पाना थांबला.

"मला ती नकोय. कधीच नको होती. तुम्ही पुसत होतात म्हणून मी बोलले नाही."

"अगं..." बाबांनी पाना खाली ठेवला. "आणि मी पुसत होतो, कारण काढली तर तुला वाटेल, बाबांनी आशा सोडली."

मला हसू आलं आणि रडूही आलं. दोघंही एकमेकांसाठी ते ओझं सांभाळत बसलो होतो.

"काय बाई बापलेक!" आई म्हणाली. "माझ्या बाल्कनीत इतके दिवस चादरी वाळत घालायला जागा नाही, ते कुणाला दिसलं नाही."

बाबांनी पट्टे सोडले. निळी सायकल त्यांनी स्वतः उतरवली, भिंतीला टेकवली, आणि खिशातलं फडकं काढून पुन्हा पुसायला लागले... मग थांबले. ते फडकं घेऊन ते रॅकवाल्याच्या सायकलपाशी गेले आणि तिच्या दांडीवरचा चिखल पुसला.

"घंटी का वाजत नाही रे हिची?"

"दुरुस्त करायची राहिलीय, काका."

"संध्याकाळी घेऊन ये."

चौथी सायकल रॅकवर चढली. पट्टा आवळताना त्याचा हात माझ्या हातावर आला. त्यानं तो काढला नाही, आणि मीही काढू दिला नाही.

"आता सांगू?" तो पुटपुटला. "त्या दिवशी मला लागलं का ते?"

"किती लागलं?"

"बरंच. अजून बरं झालेलं नाही."

वरच्या बाल्कनीत शेजारच्या मावशी कठड्यावर रेलल्या होत्या. आज सायकल वेगळी दिसत होती, म्हणजे आज उत्साहही वेगळा.

"काय गं, ही चौथी कुणाची?"

आई सवयीनं आभाळाकडे बघू लागली. बाबांनी घसा खाकरला. मी वर पाहिलं, सरळ मावशींच्या डोळ्यांत.

"ही ना मावशी," मी म्हणाले, "माझ्या माणसाची."