राहिलेली फुंक

त्या दिवशी दुपारी मी पुठ्ठ्याच्या नळ्यांचं खोकं आणायला पलीकडच्या खोलीत गेले होते, सुरुवात एवढीच. आमचं काम फुंकेचं. गावोगाव जायचं, निरोगी माणसं गोळा करायची, यंत्राच्या नळीत जीव खाऊन फुंकायला लावायचं आणि त्यांच्या फुप्फुसांचं माप घ्यायचं. पडद्यावर एक रेघ उमटते. माणसाने फुंक सोडली की ती वर चढते, श्वास आत घेतला की खाली येते. बाकीचं सगळं त्या रेघेवरून काढतात.

पथकात मला सगळे भोंगा म्हणतात आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. फुंकणाऱ्याच्या कानाशी उभं राहून "सोडा, सोडा, अजून, अजून" असं ओरडावं लागतं. गोड आवाजाच्या मुली आल्या आणि गेल्या, मी टिकले. खुर्चीत बसवतानाच मी प्रत्येकाला बजावते की मी 'बस' म्हणेपर्यंत थांबायचं नाही. छातीत आता काही उरलं नाही असं वाटलं तरी नाही. माझा हा नियम मोडायची कुणाची टाप नव्हती.

या कामाचा एवढा ताठा कशासाठी, तेही सांगते. आजवर आपल्या डॉक्टरांकडे आपल्या माणसांच्या फुप्फुसांचं माप नव्हतंच. तक्ता होता तो परदेशी माणसांवरून काढलेला आणि त्याच्यापुढे आपली धडधाकट माणसंही कमी भरायची. दुसऱ्याचा सदरा आपल्या अंगावर चढवायचा आणि वर आपल्यालाच किरकोळ म्हणायचं, असला तो प्रकार. आता पहिल्यांदाच देशभर फिरून आपल्याच लोकांवरून आपला तक्ता तयार होत होता. सगळे रकाने भरत आले होते. घोडं अडलं होतं ते ऐंशीच्या वरच्या बायकांपाशी. तिथे एकच बाई कमी पडत होती आणि मुदत संपत आली होती. रकाना अपुरा राहिला तर तो कोरा सोडायचा, आणि म्हाताऱ्या बायकांना पुढेही परक्याच मापाने मोजत राहायचं, असं ठरलेलं होतं.

म्हणून आदल्या दिवशी त्या आजी नातीचा हात धरून आल्या, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत आमचं बस्तान होतं. आजी खुर्चीत बसल्या, नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ब्याऐंशी पूर्ण," त्या म्हणाल्या. "सिगारेट-तंबाखूला कधी हात लावला नाही. दमा नाही, खोकला नाही. घेणार ना मला? नाहीतर परत पाठवशील."

"परत कशाला पाठवू?"

"एकदा पाठवलंय. इथला काचेचा कारखाना नव्याने निघाला होता. नळीने काच फुंकायला माणसं हवी होती. मी वीस वर्षांचीसुद्धा नव्हते. तिथल्या डॉक्टरने छाती मोजली, भिंतीवरचा तक्ता बघितला आणि म्हणाला, हिची फुप्फुसं लहान. झालं. मला बांधणीत बसवलं. जन्मभर दुसऱ्यांनी फुंकलेल्या बरण्या मी गवतात बांधल्या."

तो तक्ता कुणाचा असणार हे मला कळलं आणि त्यांनाही माहीत होतं. नातीने सांगून ठेवलं असावं.

एका माणसाच्या तीन फुंका लागतात आणि तिन्ही एकमेकींशी जुळाव्या लागतात. आजींची पहिली फुंक पाहून माझा आवाजच बसला. रेघ सरळ उठली आणि अशी काही वर गेली की साठीतल्या बाईलाही जमू नये. दुसरी पहिलीवर बेतून काढल्यासारखी. तिसऱ्या वेळी मात्र त्यांना मध्येच ठसका लागला, चेहरा पांढरा पडला. नातीने पाणी पाजलं आणि घरी न्यायला उठवलं.

"एक राहिली," दारात वळून आजी म्हणाल्या. "मी काम अर्धं टाकत नाही. उद्या येते."

तर तो उद्याचा दिवस. सकाळपासून धुकं होतं, ते दुपारी उतरायच्या ऐवजी आणखी दाटलं. वीज गेली होती. यंत्र बॅटरीवर चालतं, त्याची चिंता नव्हती, पण खोलीत संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई, ज्यांना आम्ही मॅडम म्हणतो, पुढच्या दालनात कंदिलाएवढ्या दिव्यापाशी आकडे तपासत होत्या. मी खोकं घेऊन परत आले तर आजी खुर्चीत बसलेल्या.

दार वाजलेलं मला ऐकू आलं नव्हतं. खोलीत नेहमी स्पिरिटचा आणि रबराचा वास असतो. त्या वेळी वास होता तो कोरड्या गवताचा. खूप दिवस बंद असलेल्या खोक्यातून येतो तसला.

"एकट्याच आलात? नात कुठाय?"

"येईल... मागून."

"शाल तरी काढा."

"नको. थंडी जात नाही."

मी त्यांच्या नाकाला चिमटा लावला. बोटांना नाक लागलं ते बर्फासारखं. बाहेरचा गारठा, मी मनाशी म्हटलं. नवी नळी बसवून त्यांच्या हाती दिली आणि सवयीने बजावलं, "मी बस म्हणेपर्यंत थांबायचं नाही. घ्या, भरून श्वास घ्या..."

आता आठवतं, श्वास घेतल्याचा आवाज आलाच नाही. खांदे उचलले नाहीत. रेघही खाली गेली नाही. ती एकदम वर उठली.

काय रेघ होती, सांगू? कालच्या दोन्ही रेघांवर ती अशी चढत गेली की तिन्ही मिळून एकच दिसावी. माझ्या अंगावर काटा आला तो आनंदाने. "सोडा, सोडा, शाब्बास आजी, अजून, अजून!" मी ओरडत होते. रकाना भरला होता. त्या कारखान्याच्या डॉक्टरला कुठूनतरी उचलून आणावं आणि पडद्यापुढे उभं करावं, असं मला वाटलं.

इतक्यात खिशातला फोन थरथरला. नातीचं नाव होतं. आजींना एकटं पाठवून काळजीत पडली असेल म्हणून मी घेतला.

"मावशी," ती म्हणाली, "आजी गेली. सकाळीच... झोपेत. रात्रभर तेच चाललं होतं तिचं, एक फुंक राहिली म्हणून. तुम्ही वाट बघत बसाल, म्हणून फोन केला."

माझ्यासमोर शालीत बसलेली बाई फुंकत होती. यंत्र ठरलेल्या वेळेला मोजणं थांबवतं, तसं ते थांबलं होतं. फुंक थांबली नव्हती. नळीतून बारीक, एकसारखा सूर येत होता... टेबलावरचे कागद हलत होते... आणि आजींचे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते. कशाची तरी वाट पाहत असावेत तसे.

माझी पाचावर धारण बसली. मी भिंतीला पाठ लावून दारापर्यंत सरकले आणि बाहेर पळाले.

मॅडम दिवा घेऊन आल्या तेव्हा खुर्ची रिकामी होती. नळी जागेवर होती. एवढं फुंकल्यावर पुठ्ठा लाळेने आणि वाफेने ओला होतो. तो कोरडा ठणठणीत होता, आणि आत गवताची एक काडी अडकली होती.

मी मॅडमना सगळं सांगितलं, नातीच्या फोनसकट. लपवून आकडा घालणं आमच्या रक्तात नाही. त्यांनी तिन्ही रेघा एकावर एक ठेवून बराच वेळ पाहिल्या.

"माणसाची फुंक सहीसारखी असते," त्या हळूच म्हणाल्या. "ही दुसऱ्या कुणाची आहे, असं तू म्हणशील?"

"नाही."

"मीही नाही म्हणणार. हा तक्ता त्यांच्यासारख्यांसाठीच आहे ना? घाल."

आणि तो घातला. आज आपल्या देशातल्या कुठल्याही दवाखान्यात जा, आपला तक्ता भिंतीवर आहे. ऐंशीच्या वरच्या बायकांचा रकाना भरलेला आहे, आणि कुणा म्हातारीला उगाच कुणी लहान फुप्फुसांची म्हणत नाही. नातीने त्या रकान्यावर बोट ठेवून फोटो काढून घेतला, तेव्हा आम्ही दोघी तिथेच रडलो. एवढा अभिमान मला माझ्या स्वतःच्या कशाचा वाटलेला नाही.

फक्त यंत्राचं एक झालं. तक्ता झाला तरी तपासणीसाठी आमचं फिरणं चालूच आहे. नव्या गावी जाऊन ते चालू केलं की नळीला कुणी तोंड लावायच्या आधीच रेघ वर सरकू लागायची. अगदी सावकाश. दुरुस्तीवाल्याने आतला भाग बदलला, तरी तेच. तो वैतागला. मला मात्र कारण ठाऊक होतं. आजी काम अर्धं टाकणाऱ्यातल्या नव्हत्या, आणि मी 'बस' म्हटलंच नव्हतं.

शेवटी काल सगळे जेवायला गेल्यावर मी दार लावून घेतलं. यंत्र चालू केलं. रेघ वर निघाली. मी रिकाम्या खुर्चीशेजारी, नेहमीच्या जागी उभी राहिले. म्हटलं, "बस, आजी. झालं. फार छान झालं."

रेघ थांबली. सपाट झाली. मला हुंदका आला.

मग ती हळूहळू खाली वळली, आणि टेबलावरचा कागद नळीकडे सरकू लागला.