बर्डी आणि दोन ठोके

मी रसायनशास्त्र शिकलेली आहे. मोजल्याशिवाय काही मान्य करत नाही. तरीही सांगते, हे माझ्यासमोर घडलं.

तीन नोव्हेंबर १९१५. अमेरिकेतल्या आयोवातलं एल्म फोर्ड गाव. सकाळचे आठ. दाट धुकं.

बाबा घोडागाडीवरच्या टाकीतून घरोघर रॉकेल आणि पेट्रोल पोहोचवायचे. अकरा वर्षं ती गाडी आमच्या बर्डी घोडीने ओढली. माप ओतून झालं, की बाबा रिकाम्या डब्यावर दोन ठोके द्यायचे. टक्‌ टक्‌. लगामाला हातही न लावता ती पुढच्या दारात जाऊन थांबायची.

ऑक्टोबरात मोटार-टँकर आला.

"बर्डी कुठंय?" मी विचारलं होतं.

"काकाच्या कुरणात. राणीसारखी चरतेय. विकणार नाही असा शब्द दिला होता ना तुला?"

त्या सकाळी मी बाबांबरोबर टँकरवर निघाले. पहिल्या घरी त्यांनी इंजिन बंद केलं.

समोर धुक्यात... टापा.

थांबल्या.

लिंडक्विस्टबाई सफरचंदाची फोड घेऊन बाहेर आल्या.

"काय हो इव्हर, नव्या गाडीची एवढी ऐट केलीत, आणि शेवटी बर्डीलाच आणलंत ना? आत्ता तर दारात फुरफुरली. गेली कुठं?"

माप ओतताना बाबांच्या हातून पेट्रोल सांडलं. रिकामा डबा त्यांनी अगदी अलगद खाली ठेवला.

मी तो उचलला.

"मार्था, नको..."

टक्‌ टक्‌.

टापा निघाल्या. मी मागोमाग, पावलं मोजत.

पुढच्या दारात त्या थांबल्या नाहीत. काकाचं कुरण उजवीकडे. त्या डावीकडे वळल्या... नदीकाठच्या कारखान्याकडे. तिथे म्हाताऱ्या जनावरांना मारून त्यांची चरबी काढतात.

चारशे बारा पावलं. फाटकाशी आवाज बंद.

चिखलात एकही खूर उमटला नव्हता.

बाबा धापा टाकत आले.

"त्या दिवशी ती आत जाईना," ते म्हणाले. "चौघांनी ओढली. शेवटी मी..."

त्यांची मूठ हवेत दोनदा हलली.

"आणि गेली?"

"लगेच. तिला वाटलं असेल, पुढचं घर."

त्यानंतर मी वारा तपासला, प्रतिध्वनी तपासला. काही जुळत नाही.

धुकं पडलं, की आमच्या दाराशी टापा येऊन थांबतात. तासन्‌तास.

"दे ना दोन ठोके," बाबा विनवतात. "जाईल ती."

जाईल, हे मलाही माहीत आहे.

कुठे जाईल, तेही.