काचकूस

ट्रंकेतलं हिरवं लुगडं, घडी न मोडलेलं.

भूगोलाचा अर्धवट सोडलेला पेपर.

सॅनिटरी पॅडचं पाकीट, न फोडताच मुदत संपलेलं.

काचेच्या भांड्यात, गुलाबी द्रवात तरंगणारं मुठीएवढं काहीतरी.

या चारही गोष्टी कनकाच्या. भांडं सांगलीच्या प्रयोगशाळेत होतं आणि सोळा वर्षांची कनका त्याच्यासमोर बसली होती. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला पहिल्या पाळीला नेसवायचं ते लुगडं मांडीवर घेऊन मंदाआत्या.

कनका जन्मली तीच गर्भाशयाशिवाय. पाळी येईना म्हणून तपासलं, तेव्हा कळलं. डॉ. यास्मिन मुजावर यांनी तिच्याच पेशींपासून नवं गर्भाशय वाढवलं. भांड्याला त्या काचकूस म्हणत. या भांड्यात एकदा पाळी आली, की दुसऱ्या दिवशी रोपण.

"कनका, तुझा होकार लागेल," डॉक्टर म्हणाल्या.

"तिला काय विचारता?" आत्या फणकारली. "अजून शहाणी व्हायचीय ती."

बारशाला, हळदीकुंकवाला, जिथे जावं तिथे हेच: झाली का गं शहाणी?

तेवढ्यात काचेच्या तळाशी लाल धागा उतरला.

"आली!" आईला रडू फुटलं. आत्याने लगबगीने लुगडं उलगडलं. पण ते नेसवायचं कुणाला, पोरीला की भांड्याला, तेच तिला कळेना.

"डॉक्टर," कनकाने विचारलं, "याला कसं कळलं, आज यायचं ते?"

"त्याला काही कळत नाही. तुझ्या दंडावरची पट्टी रक्तातली संप्रेरकं मोजते, त्याच प्रमाणात आम्ही ती भांड्यात सोडतो. हुकूम तुझ्या अंडाशयांचा. गर्भाशय फक्त ऐकतं."

"आणि अंडाशयं हुकूम कधीपासून देतायत?"

डॉक्टर थबकल्या. "इतर मुलींसारखंच. बाराव्या-तेराव्या वर्षापासून, महिन्याच्या महिन्याला. ऐकणारं कुणी नव्हतं, इतकंच."

कनकाने आत्याच्या हातातून लुगडं घेतलं आणि खांद्यावर टाकलं.

"म्हणजे मी केव्हाच शहाणी झालेय, आत्या. आता मला विचारा."

शेवटी आईनेच विचारलं, "काय करायचं गं मग?"

"उद्या नको. मला वाटेल तेव्हा. नाही वाटलं, तर नाहीच."

डॉक्टरांनी काचकूस शीतनिद्रेत टाकली.

सातवीत, भूगोलाच्या पेपराला, कनकाच्या पोटात पहिल्यांदा कळ आली होती, आणि घरी आल्यावर आईने तिला चिमूटभर ओवा चावायला दिला होता.