बारा तोट्या

बीडच्या बसस्थानकावर रिक्षाला हात केला मी आणि आत जाऊन बसला तो. वर मलाच म्हणतो, एवढा लांब पाइप रिक्षात मावत न्हाई. म्हटलं, तुमी उतरा, मग मावंल. हसला मेला... नुसत्या डोळ्यांनी. उतरला न्हाई, फक्त सरकला. पाइपचं एक टोक त्याच्या मांडीवर, दुसरं माझ्या, असे आम्ही जिल्हा परिषदेपर्यंत गेलो.

त्या पाइपात आमचा जीव अडकला होता. दुष्काळात टँकर येतो, विहिरीत ओतून जातो, अर्धं पाणी कपारीत जिरतं आणि उरलेल्यावर बायका पोहरे टाकून भांडतात. दिंद्रुडला आम्हा पाच जणींची सहकारी संस्था, वेल्डिंगचं दुकान. टँकरच्या तोंडाला जोडायचा पाइप आम्ही बनवला — त्याला बारा तोट्या, एकदम बारा घागरी. जिल्हा परिषदेनं घेतला तर दुकान चालणार, न्हाईतर दिवाळीनंतर पाचीजणी कोयता घेऊन उसाच्या फडात.

पाणीपुरवठ्याच्या टेबलामागं बघते तर तोच! उत्तरेश्वर, नवा इंजिनिअर. त्यानं टेंडरची अट वाचून दाखवली: सरकारला माल पुरवल्याचा तीन वर्षांचा अनुभव पाहिजे. माझं डोकंच फिरलं.

“सरकारनं घेतल्याबिगर अनुभव आणू कुठून? आभाळातून?”

अख्खं ऑफिस माझ्याकडं बघायला लागलं. तो मात्र पाइपची एकेक तोटी फिरवून बघत होता. म्हणाला, ही अट जुन्या टेंडरातून जशीच्या तशी उतरवलेली हाय. आपण वस्तू मागायचीच न्हाई, अडचण सांगायची — टँकरचं पाणी वाया न जाता घागरीत पडलं पाहिजे. ज्याला जमेल त्यानं गावात करून दाखवावं, मग दुकान छोटं असो की मोठं.

त्यापायी तो महिनाभर वरच्या साहेबांशी भांडला आणि मी त्याच्याशी. तोट्या गळतात म्हणून दोनदा पाइप परत पाठवला त्यानं. दोन्ही वेळा मी येऊन वाटेल ते बोलले. तो चहा मागवायचा, मी प्यायले न्हाई... दुसऱ्यांदा प्यायले. बोलता बोलता शर्टाची बाही वर सारायची त्याला सवय. बघायचं न्हाई ठरवलं तरी नजर तिथंच जायची.

शेवटी साहेब मानले, पाली गावात चाचणी ठरली. टँकर आला, बायका आल्या, माल पास करणाऱ्या समितीचे साहेब आले. उत्तरेश्वर समितीत नव्हता. कळलं, आपणहून नाव काढून घेतलं त्यानं. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. रागारागानंच पाइप जोडला, रागारागानंच कॉक फिरवला. बारा घागरी भरल्या, खाली चिखल न्हाई की भांडण न्हाई. साहेबांनी तिथंच पहिली ऑर्डर आम्हाला दिली.

तो लांब बाभळीखाली उभा होता. तरातरा गेले.

“कावून सोडली समिती? माझं म्हणणं समजणारं दुसरं होतं कोण तिथं?”

“मी तुमचीच बाजू घेतली असती,” तो खाली बघत म्हणाला. “उद्या लोक म्हणले असते... नवऱ्यानं बायकोचा माल पास केला.”

माझे कान तापले. “नवऱ्यानं? मला इचारलं का कुणी?”

“आता इचारतोय... चंद्रभागा.”

असा संताप आला! महिनाभर हे मनात ठेवून हा माणूस माझ्या तोट्या परत पाठवत होता. भांडायला तोंड उघडलं, तर हसूच यायला लागलं.

“रविवारी आमच्या आप्पांना भेटायला या,” शेवटी म्हणाले. “आणि तिथून नाव काढून घेतलं, तर याद राखा.”