काढून टाकलेल्या आवाजातला माणूस

ही घटना खरी आहे. माझ्या मावसबहिणीच्या घरात घडलेली. मी तिला ताई म्हणतो. ती थापा मारणारी नाही, आणि तिचे हेडफोन मी स्वतः कानाला लावून पाहिलेत. तरीही ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं समजावं.

गेल्या वर्षीचा मार्च. रविवार. दुपारचे तीन.

भुताखेतांची वेळ मुळीच नव्हती.

ताईचं काम आवाजाचं. लोकांनी रेकॉर्ड केलेलं बोलणं घ्यायचं, त्यातली पंख्याची घरघर, गाड्यांचे हॉर्न काढून टाकायचे आणि स्वच्छ आवाज परत द्यायचा. मागच्या खोलीला जाड पडदे लावून तिने तिथेच बस्तान मांडलंय.

त्या आठवड्यात एक जुना गेम नव्याने आला होता. पूर्वी दुकानातल्या उभ्या मशीनवर खेळायचे, तो मारामारीचा गेम. दोन वेगळ्या कंपन्यांचे हिरो एकाच पडद्यावर भिडायचे. तीन-तीन जणांच्या टोळ्या. एक लढत असताना दुसऱ्याला मदतीला आत घ्यायचं. या गेमपायी पोरांनी शाळेला दांड्या मारल्या होत्या, आणि आता चाळिशीला टेकलेली तीच पोरं बातमी ऐकून डोळे पुसत होती. चाहत्यांच्या पेजने सांगितलं, काय वाटलं ते रेकॉर्ड करून पाठवा. ते सगळे निरोप जोडून एक व्हिडिओ करायचं काम ताईने आपणहून अंगावर घेतलं.

कारण ताई स्वतः तो गेम खेळायची. तिच्या उजव्या खांद्यामागे तिचा धाकटा भाऊ उभा असायचा. खेळायला कच्चा, ओरडायला पक्का. सगळे त्याला भोंगा म्हणायचे. दुसऱ्या गड्याला कधी बोलवायचं ते भोंगाच सांगायचा.

‘थांब... थांब... घे आत.’

त्याच्या हाकेवर बटण दाबलं की ताई सहसा हरत नसे.

भोंगा तेराव्या वर्षी गेला. आठ दिवसांचा ताप, बस्स.

घरात त्याचे फोटो आहेत. आवाज कुठेच नाही. ताईला सगळ्यात जास्त टोचायचं ते हेच. दिवसभर परक्यांचे आवाज जपणारी बाई, आणि सख्ख्या भावाचा आवाज तिला आठवेनासा झाला होता. शब्द आठवायचे, आवाज नाही. मावशीला, म्हणजे तिच्या आईला, विचारायची सोय नव्हती. तिच्यासमोर भोंग्याचा विषय कुणीच काढत नसे.

एकूण एकतीस निरोप आले.

पहिला ट्रक ड्रायव्हरचा. त्या मशीनपुढे तो आयुष्यात पहिल्यांदा कुणाला हरवून घरी गेला होता, ते त्याने दोनदा सांगितलं. दुसरा एका नर्सचा, ड्यूटी संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीतून. गेम परत आला, पण तेव्हाच्या टोळक्यातलं आता कुणी उरलं नाही, असं ती हसत हसत म्हणाली आणि मग हसायची थांबली. तिसरा बेकरीवाल्याचा.

ताईला एक सवय आहे. आवाज स्वच्छ केला की जेवढं काढून टाकलं तेवढंच वेगळं ऐकायचं. कचऱ्याबरोबर एखादा शब्द गेला नाही ना, म्हणून.

ट्रक ड्रायव्हरच्या कचऱ्यात इंजिन होतं. आणि त्याखाली...

एक माणूस.

‘थांब... थांब...’

ताईला वाटलं, शेजारी क्लीनर बसला असेल. तिने नर्सचा कचरा ऐकला. नळाचं पाणी, पावलं, आणि मग...

तोच माणूस.

बेकरीवाल्याकडे भट्टीची घुरघुर होती. त्याखाली... ‘घे आत.’

मूळ रेकॉर्डिंगमध्ये तो नव्हता. स्वच्छ केलेल्यातही नव्हता. फक्त काढून टाकलेल्यात होता.

ताईने तिघांनाही फोन केला. बोलताना तिघेही एकटेच होते, आणि एकमेकांना ओळखतही नव्हते.

प्रत्येक खोलीत आवाज वेगळा घुमतो, हे ताईला पाठ आहे. हा माणूस मात्र तिन्हीकडे एकाच जागेतून बोलत होता. बुटकं छत. खाली फरशी. भोवती मशीनची गुणगुण, त्या जुन्या दुकानात असायची तशी. आणि माईकच्या हातभर मागे... उजवीकडे.

शब्द भोंग्याचे होते, जागा भोंग्याची होती, पण आवाज एका पोक्त माणसाचा होता. ती रडली ती भीतीने नाही. आपल्या भावाची जागाही कुणा परक्याने बळकावली, असं तिला वाटलं.

दारात मावशी येऊन उभी राहिली होती. ताईने डोळे पुसले, काही नाही म्हणाली. मावशीने हेडफोन काढून घेतले आणि स्वतःच्या कानाला लावले.

तिने ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकताना तिने टेबलाची कड घट्ट धरली.

‘कोण आहे हा, आई?’

‘गेला तेव्हा आवाज फुटायचा होता त्याचा,’ मावशी म्हणाली. ‘आता फुटलाय.’

ताई म्हणाली, असं कसं होईल, तो तेरा वर्षांचा होता. तेव्हा होता, मावशी म्हणाली. आज अडतीस. त्याच्या बाबांचा आवाज या वयात अगदी असाच होता.

दोघींनी मिळून एकतीसही ऐकले. तो प्रत्येकात होता. शेवटच्यात मात्र शब्द नव्हते. फक्त एक लांब श्वास... उभं राहून पाय भरून आलेला माणूस सोडतो तसा.

‘दमलाय गं,’ मावशी म्हणाली. ‘इतकी वर्षं उभाच आहे. बस म्हणणारं कुणी नसेल का त्याला तिथे?’

मावशी बाहेर गेली, एक खुर्ची ओढत घेऊन आली आणि ताईच्या मागे, उजवीकडे ठेवली.

खुर्ची अजून तिथेच आहे. पेजवर व्हिडिओ लागला, लोकांनी भरभरून कौतुक केलं, त्यातलं कुणाला काही कळलं नाही. लहानपणीच्या भोंग्याचा आवाज ताईला अजूनही आठवत नाही. आता तो कधी मिळेल असंही तिला वाटत नाही, कारण भोंगा कुठेच तेरा वर्षांचा राहिलेला नाही. हे सांगताना ती माझ्यासमोर लहान मुलीसारखी रडली.

हल्ली ती रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग करते आणि त्यातून काढून टाकलेलं तेवढं ऐकते. हाक आता येत नाही. श्वास येतो. तो मीही ऐकलाय.

त्या निरोपांतला आवाज उभ्या माणसाच्या उंचीवरून यायचा, असं ताई म्हणते. खुर्ची ठेवल्यापासून... खालून येतो.