पुन्हा सादर करावे

लिफ्ट खालून आली, आणि हेस्टर क्वॉर्म्बी जरा चमकल्याच. त्या तळमजल्यावर उभ्या होत्या. त्याखाली होतं ते फक्त तळघर, आणि ते तर १९४० सालीच विटांनी बुजवलेलं.

आत एक तरुण उभा होता. काखेत फाइल, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. खिडक्यांबाहेर लंडन धुक्यात बुडलं होतं, पण पाऊस मात्र नव्हता.

"पाचवा मजला ना, मिस क्वॉर्म्बी?" त्याने बटण दाबलंसुद्धा.

मिस! गेली कित्येक वर्षं सगळं खातं त्यांना राणीने दिलेल्या किताबाने, डेम हेस्टर म्हणत होतं. खात्याच्या त्या सर्वोच्च सचिव. निदान आज पाच वाजेपर्यंत. आज त्यांना साठ पूर्ण झाली होती. खाली मंत्र्यांनी गोड गोड भाषण ठोकलं होतं आणि चांदीचं तबक हातात ठेवलं होतं.

"नवीन दिसता," त्या म्हणाल्या.

"छे... चांगलाच जुना आहे."

त्याच्या केसांत विटांची धूळ होती. तिसरा मजला आला तेव्हा हेस्टरबाईंनी तबक छातीशी घट्ट धरलं. त्यांनी त्याला ओळखलं होतं.

लायनेल पर्किस. दफ्तरखान्यातला कारकून. १९३९ साली हेस्टर परीक्षेत पहिली येऊन नोकरीला लागली, तेव्हा तिच्या टेबलावर फायली आणायचा. फायलीमागे बिस्किट लपवलेलं असायचं, आणि ती ते खाते का हे बघायला तो दाराशी उगाच रेंगाळायचा. एकदा नळदुरुस्तीच्या फायलीत त्याच्या वळणदार अक्षरात शेरा आला – 'मिस क्वॉर्म्बी यांनी माझ्याशी लग्न करावे. मान्यतेसाठी सादर.'

हेस्टर लाल झाली, हसली, आणि मग दिवसभर फाइल पुढे सरकवलीच नाही. बाईने लग्न केलं की नोकरी सोडायची, असा तेव्हा सरकारी नियमच होता. शेवटी तिने थट्टेत खाली लिहिलं, 'दि. १४ नोव्हेंबर १९७४ रोजी पुन्हा सादर करावे.' तिच्या निवृत्तीचा दिवस!

पुढच्या सप्टेंबरात एका दुपारी तिने एक फाइल तातडीने मागवली. लायनेल ती काढायला तळघरात उतरला. त्याच वेळी बॉम्ब पडला, नळ फुटले... सहा वर्षांनी लग्नाचा तो नियमही गेला, पण तोवर विचारणारा उरला नव्हता. त्यानंतर कुणी मागणी घातली की बाई कामाचं निमित्त सांगत.

खोलीत आल्यावर त्याने फाइल टेबलावर ठेवली. तोच शेरा. तीच तारीख.

"मी थट्टा केली होती रे," त्या कशाबशा म्हणाल्या.

"दफ्तरखान्याला थट्टा कळत नाही. तारीख आली की फाइल वर येते." तो समोरच्या खुर्चीच्या कडेवर बसला, पूर्वीसारखाच अवघडून. "पाचनंतर मात्र तुमची सही चालायची नाही."

घड्याळात पाचला दहा कमी होते.

दारावर टकटक झाली. चहावाल्या मिसेस ऑजर्स आत आल्या. एकच कप ठेवता ठेवता त्यांनी खुर्चीकडे पाहिलं.

"बाई, ही खुर्ची कुणी हो भिजवली? आणि किती गारठा हा!" खांदे आवळत त्या निघून गेल्या.

हेस्टरबाईंनी पेन उघडलं, पण ते कागदावर टेकेना. "लायनेल, खोटं नाही सांगायची. तू मला आवडायचास... फार. पण ही सचिवाची खुर्चीही हवी होती. आज पुन्हा १९३९ आलं, तर मी पुन्हा हेच लिहीन."

"ठाऊक आहे. म्हणून तर परत विचारलं नाही."

"आणि ती फाइल मीच मागवली होती."

"तुम्ही नसती मागवली, तरी तुमच्याकडे वर यायला निमित्त हवं म्हणून एखादी फाइल काढायला मी खाली उतरलोच असतो," तो हसला. "शेरा लिहा. नाही म्हणालात, तर दप्तरी दाखल करतो आणि पुन्हा त्रास देत नाही."

पस्तीस वर्षं त्या रोज सह्या करत आल्या होत्या. त्यांनी लिहिलं, 'मान्य.' खाली आद्याक्षरं. शाई ओली असतानाच पाचचे ठोके पडले.

"कोट घे, हेस्टर," तो म्हणाला. "खाली गार आहे."

तबक टेबलावरच राहिलं. त्याचा हात आधी बर्फासारखा लागला, मग तसा लागेनासा झाला. लिफ्टमध्ये शिरताना त्याने विचारलं, "आता तरी फाइल दप्तरी दाखल करू?"

"नको. चालू राहू दे."

तळमजल्याच्या बटणाखाली आणखी एक बटण होतं. ते हेस्टरनेच दाबलं.